दोन दातांमधली फट

हॅलो?… कोन बोलायलंय?… प्रिया! अगं बोल की माय. नंबर कुठं दिसतोय मला, चष्मा चुलीपाशी राहिला… हो, हो, जेवले. तुझे आबा बी जेवले… हो, कवळी घालूनच. दुधात कुस्करलेली न्हाई, चांगली कडक पापुद्र्याची भाकर…

कशी बसली म्हंजे? बसली की. आठ दिवसांत बसलीच म्हनायची… न्हाई, तसं काई न्हाई… आता येवढं खोदून खोदून कावून इचारायलीस?

बरं, सांगते. पर आधी सांग, वरडनार न्हाईस ना?… माझी आन घे… घेतली?

आबांनी कवळी कानशीनं घासली… कवळी, कवळी! वरची. आपली ती कानस न्हाई का, लोकर कातरायच्या कात्रीला धार लावतोत ती? तिनं. म्होरच्या दोन दातांच्या मधात… अगं वरडू नको! आत्ताच आन घेतलीस ना?… हो माय, नवीकोरी. हो, केजच्या डॉक्टरनं चार खेपा करून बनवली, म्हाईत हाय मला, मीच जायची की संगं… याड लागलं? मी बी काल तेच म्हनले. म्हनले, माकडाच्या हातात कोलीत दिलं मी…

कावून म्हंजे? अगं ऐक ना… तुला आबांची शीळ आठवती का?… बोटं घालून कुठं? जिभेनं वाजवायचे ते. म्होरच्या दोन दातांत फट होती ना त्यांच्या, ज्वारीचा दाना मावंल येवढी, तिच्यातून निघायची… हो, हो, पार वड्यापल्याड जायची. दात पडले तशी शीळ बी गेली. सहा वर्सं झाली की… मग मेंढरं ऐकतेत व्हय कुनाचं? मीच पळते काठी घेऊन, एक इकडं, एक तिकडं. गेल्या साली दोन कोकरं ट्रकखाली गेली ना, तवा आबांनी शीळ घालायला तोंड उघडलं, आन् नुसता वारा निघाला. त्याच दिवशी म्हनले, इकून टाकू…

हो, ठरलंच होतं. मी कुठं न्हाई म्हनायले? बंकट खाटकाला… खाटीक न्हाई गं, यापारी हाय त्यो, माझं आपलं तोंड तसं. बंकटला जबान दिलती, मेंढरं देऊन आमी दोघं बीडला तुझ्याकडं यायचं, माझी तर पेटी बी बांधून झालती…

पर तू बग, म्हातारा कवळीला लगेच हो कसा म्हनला? मला वाटलं, भाकरीसाठी. भाकरीसाठी न्हाई गं, शिळेसाठी! कुनापाशी बोलले न्हाईत. कवळी आली तवाधरनं लिंबाखाली एकटेच बसायचे आन् फू फू करायचे. येतीच न्हाई. डॉक्टरनं दात बनवले अक्षी ओळीनं, एकाला एक लागून. वाऱ्याला वाटच न्हाई… हां. म्हनून कानस.

बंकट?… अगं, तेच सांगायले ना! आला. सकाळीच आला टेम्पो घेऊन, संगं दोन गडी. फाळका पाडला, आन् एकेक मेंढी उचलून वर. आबा पाठ करून बसलेले, बगवत नव्हतं त्यांना… बारा-तेरा चढवली असतील. आन् मग प्रिया…

शीळ वाजली.

…हाय, हाय, हितंच हाय. थांब जरा. सांगताना बी अंगावर काटा आला बग.

पैली बारीक. मग दुसरी, लांब… अगं चाळीस मेंढरं, सगळी जागच्या जागी! तोंडातला पाला तोंडात. सगळ्यांच्या माना एकाच टायमाला वर. टेम्पोतल्यांच्या सुदा. आन् मग ज्या उड्या पडल्या वरून! गडी पाय धरायलेत, पाय बी सुटले हातातून. पळत आली आन् आबाभवती गप उभी. एकीनं बें केलं न्हाई… जुन्या मेंढ्या असतील पाच-सात. बाकीच्यांनी तर जल्मात ऐकली नव्हती ती शीळ. ती बी आली! कशी आली, मला इचारू नको. म्या डोळ्यानं बगितलं…

आबा? आबा भेले गं. कवळी काढली तोंडातून, दोनी हातानं कपाळाला लावली, बिरोबाचा भंडारा लावतेत तशी, आन् लेकरागत रडले…

बंकट काय म्हननार? टोपी हातात घेऊन उभा. म्हनला, "धुळाजीबा, जबान तुमी न्हाई फिरवली, मीच फिरवतो. ह्यांना मी नेत न्हाई." गेला रिकामा टेम्पो घेऊन…

आता बीडचं?… हं… न्हाई माय. न्हाई येनार… रागावलीस?… नको गं. खरं सांगू? पेटी म्या आबासाठी न्हाई, माझ्यासाठी बांधलती. लई थकलेते मी. काल इचारलं असतंस तर म्हनले असते, आत्ताच्या आत्ता न्यायला ये. पर सकाळी शीळ वाजली तवा मी भाकर थापायलेते, आन् कळलंच न्हाई, पिठाच्या हातानं मी बी भाईर! मेंढरांच्या मधात जाऊन उभी… हास, हास. तव्यावरची करपून कोळसा झाली.

तुला न्हाई ठाऊक. लगीन नवं होतं, घरात सासू-सासरा, बायकूला हाक मारायची चाल नव्हती. मग ते रानातून माझ्यासाठी येगळी शीळ घालायचे. आखूड, दोनदा. मी घागर टाकून पळायची…

हिरडी? हो, सोललीय. घासलं तिथं टोचायलंय. उद्या नेते… हो, तूच फोन कर डॉक्टरला. म्हनाव, घासून गुळगुळीत करा, पर फट बुजवायची न्हाई. तेवढं नीट सांग…

थांब. प्रिया, थांब… गप जरा…

ऐकू आली का तुला?… न्हाई गं, मेंढरं तर लिंबाखाली निजलीत…

ठेवते मी. ठेवते, मला बोलवायलेत.