जोर कुठल्या तुकड्यावर

— नाय, कान्हूभाऊ, पत्रिका ठेवू नका इथं, हातातच राहू द्या. तुमच्या प्रतिक्षाचा पेणला इंग्रजीचा क्लास निघतोय, चांगलंच हाय — पण हा मुराद सर उद्घाटनाला यायचा नाय. का म्हणून? मागच्या महिन्यात पेणच्या भाषण स्पर्धेत काय झालं, घरी बोलली नाय ती? — कशाला बोलेल!

रोह्याहून सहा पोरं नेली मी, एसटीनं. परीक्षक कोण, तर तुमची लेक — माझ्याच हाताखालची! पाचवीत आली तेव्हा 'फोटोग्राफर' म्हणताना अडखळायची. म्हटलं, हनुवटीखाली हात धर गो, हनुवटी जितक्यांदा खाली येईल तितके तुकडे — फो, टो, ग्रा, फर, झाले चार. आणि जोर कुठं? मूळ शब्द फोटो, जोर 'फो'वर, मग लांब शब्दातही तिथंच — अठ्ठावीस वर्षं हेच शिकवतोय मी. पोरांनी तसंच म्हटलं. तर ही बया माइक घेऊन भरल्या सभेत सांगते — 'फटॉग्रफर, जोर 'टॉ'वर. मुलांचा दोष नाही, त्यांना शिकवलंच चुकीचं.' माझ्याकडं बघितलंही नाय तिनं! पालक बघत होते ना पण — सगळे! दगा केला हो तिनं, दुसरा शब्द नाय माझ्याकडं. बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं? — तेच म्हणतोय मी!

आता... सांगितलं होतं म्हणा एकदा. दहावीत असताना. क्लास सुटल्यावर डिक्शनरी घेऊन आली, हळूच म्हणाली, सर, शब्द लांबला की कधीकधी जोर पुढं सरकतो. दुसऱ्या दिवशी दाराबाहेर उभी केली — दोन तास, सगळ्यांदेखत. काय? तुम्हाला ठाऊक नाय? म्हणजे घरी सांगितलंच नाय तिनं — इतकी वर्षं?

मी आता काय शिकवतो विचारता? आता — 'टॉ'वरच. तिचे व्हिडिओ येतात ना मोबाइलवर, ते सकाळी बघतो, वहीत उतरवतो, संध्याकाळी पोरांना सांगतो. नाव? नाव कशाला घेऊ तिचं...

असं काय बघताय, कान्हूभाऊ? उठा. पेणची गाडी चुकेल तुमची.