अर्धी लवंगी

“आई, लवंगी मिरची अर्धीच घेतलीस! वर्षभराचा मसाला मिळमिळीत होणार.”

लालबागच्या मसाला कुटायच्या डंकावर माझ्यापुढे त्या मायलेकी उभ्या होत्या, एकीच्या नाकाला पदर, दुसरीच्या ओढणी.

“होऊ दे. आताशा पोटाला झेपत नाही.”

“काल ठेचा बरा झेपला?”

“अनुजा, शिंक तिकडे तोंड करून.”

“परबकाकांना तिखट सोसत नाही, म्हणून ना?”

“त्यांचं काय मध्येच?”

“मालवणी माणूस, आणि तिखट खात नाही! काय बघितलंस गं त्यांच्यात?”

“बघायचंय काय? शेजारी आहेत. बायको गेल्यापासून एकटेच, म्हणून जेवायला बोलावते कधीमधी.”

“बाबा गेल्यापासून तूही एकटीच आहेस की.”

“त्या दिवशी आमटी जाळ झाली होती. डोळ्यांत पाणी, टकलावर घाम, तरी म्हणाले, अजून एक वाटी वाढा.”

“खोटारडे.”

“एक नंबरचे. तुझे बाबा चांगले होते गं. पण जेवताना त्यांची मान कधी ताटातून वर आली नाही.”

“आणि हे बघतात?”

“घोटभर पाणी पितात, आणि बघतात.”

“ओ मावशी, टाकू का मिरची? एकदा कुटली की मग बदल नाही हां.”

“थांबा हो भाऊ जरा. अनु, इकडे बघ. मला परबांशी लग्न करायचंय. तू हो म्हणालीस तरच टाकू देते.”