दहा मीटरचं अंतर

दुकानदार: ...आणि पेडल वेगळं घ्यावं लागेल, काकू.

बायको: सायकलबरोबर पेडल येत नाही?

दुकानदार: ट्रायथलॉनच्या सायकलला नाही येत. ज्याच्या त्याच्या बुटाप्रमाणे बसवतात.

बायको: म्हणजे घर विकत घ्यायचं आणि जिना आपला आणायचा. स्टँड?

दुकानदार: नाही.

बायको: घंटी तरी?

नवरा: अगं, शर्यतीची गाडी आहे ही. पोहून बाहेर आलं की हिच्यावर बसायचं, उतरलं की पळायचं. घंटीचं वजन कशाला वाहायचं?

बायको: मी एवढी वर बसणार, ते चालतं. घंटी जड.

नवरा: तू बस तर खरी. कोपरं या पॅडवर टेकव. हां. आता पुढे झुक. अजून. पाठ सपाट.

बायको: अहो, मला फक्त पुढचं चाक दिसतंय.

नवरा: बरोबर आहे. वारा लागत नाही अशाने.

बायको: ब्रेक कुठे?

दुकानदार: ते बाजूच्या हँडलवर. हात इथून काढून तिथे न्यायचा.

बायको: समोर कुत्रं आलं, तर आधी त्याला जरा थांब म्हणायचं.

दुकानदार: काकू, सायकल कधीपासून चालवताय?

बायको: अलीकडेच. शेजारच्या मुलीने शिकवली, शाळेमागच्या मैदानात. वळता येतं मला. डावीकडे.

दुकानदार: सर, मग काकूंना ही नको. साधी रोड सायकल घ्या. सरळ बसता येतं, ब्रेक हाताखाली.

नवरा: माझ्याच शर्यतीत नाव घातलंय तिने. रोड सायकलवर सगळ्यांच्या मागे राहील.

बायको: एक सांगा, ही घेतली तर मला ह्यांच्या बरोबर जाता येईल?

दुकानदार: वेगात?

बायको: शेजारी. बोलत बोलत.

दुकानदार: शर्यतीत? छे हो. पुढच्या सायकलपासून दहा मीटर मागे राहायचं, नियमच आहे. जवळ गेलं की पुढच्याच्या आडोशाने वारा चुकतो, म्हणून पंच दंड करतात. सरांनी सांगितलं नाही?

नवरा: तिने विचारलं नाही.

बायको: नवराबायको असले तरी?

दुकानदार: नवराबायकोलाही दहा मीटर.

बायको: अहो, मग इतकी वर्षं दर रविवारी पहाटे उठून जाता, तिथे बोलता कोणाशी?

नवरा: कोणाशीच नाही.

बायको: आणि आवडतं तुम्हाला?

नवरा: तेच तर आवडतं.

दुकानदार: मी... पेडल आणतो आतून.

(दुकानदार मागच्या खोलीत जातो.)

बायको: या वयात पोहायला शिकले मी. नाकातोंडात पाणी गेलं. कशासाठी, ते विचारलंत कधी?

नवरा: डॉक्टरांनी सांगितलं म्हणालीस. गुडघ्यांसाठी.

बायको: माझे गुडघे ठणठणीत आहेत. पोरगी नोकरीसाठी लांब राहायला गेली. तुम्ही कामावर नसलात तर पाण्यात, नाहीतर सायकलवर, नाहीतर पळताय. मला एकटं वाटतं हो घरात. म्हटलं, माणूस घरी सापडत नाही, तर असतो तिथे जाऊन गाठावं. तर तिथे जवळ गेलं की दंड.

नवरा: मला सांगायचंस.

बायको: कधी? जेवताना तुम्ही घड्याळ बघता.

नवरा: ...सरावाला पंच नसतात.

बायको: म्हणजे?

नवरा: रोजच्या सरावात अंतर कोणी मोजत नाही. शेजारी चालवता येते.

बायको: मी हळू चालवते. चढ आला की उतरते.

नवरा: मीपण उतरेन.

बायको: चिडाल.

नवरा: सुरुवातीला चिडेन.

बायको: आणि मग?

नवरा: मग बघू. सवय नाही मला, एवढंच.

(दुकानदार पेडल घेऊन परत येतो.)

दुकानदार: हे बघा, पेडलमध्ये दोन प्रकार आहेत. काय ठरलं तुमचं?

नवरा: ती रोड सायकल काढा. सीट खाली घ्या. अजून. बसल्या बसल्या तिचे दोन्ही पाय टेकले पाहिजेत.

दुकानदार: सर, एवढं खाली घेतलं तर वेग जाईल. तुम्हीच मला ओरडता यावरून.

नवरा: जाऊ दे.