पिवळा दिवा विझेपर्यंत

मी शमीम. जन्म दापोलीच्या वरच्या अंगाचा, सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचा, आणि लग्न होऊन गेले ती खाली बुरोंडीला, दर्याच्या काठावर. माहेरी थंडीत सकाळी बोललं की तोंडातून वाफ निघायची, सासरी त्याच दिवसांत पंखा लागायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्या दोन हवांच्या मधे घडलं.

आमचे हे, उस्मान त्यांचं नाव, कुवेतला ट्रक चालवायचे. परत आले आणि तिकडच्या पैशात एक जुनी डिझेल जीप घेतली. मासळीवाल्या बायकांना टोपल्यांसकट बाजारात न्यायचं, सुट्टीत पाहुण्यांना मुरुडचा किनारा दाखवायचा, असा धंदा. बुरोंडीत एक रीत होती, गाडी संध्याकाळी उताराकडे तोंड करून लावायची, सकाळी ब्रेक सोडला की ती आपली आपण घरंगळायची, गिअर टाकला की चालू. स्टार्टर मारणं ह्यांना कमीपणाचं वाटायचं. आणि इंजिनात तो हीटर प्लग असतो ना, थंड इंजिनाला आधी ऊब देणारा, तो तर ह्यांच्या लेखी निव्वळ उधळपट्टी, नुसती बॅटरी खातो म्हणायचे. मी तेव्हा गाडी चालवत नव्हते, मी कशाला लक्ष देतेय.

मग साखरेनं ह्यांची मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड डायलिसिस, ते खेडला, आणि नंबर सकाळच्या पहिल्या पाळीत. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला देतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, त्या दुसऱ्याचंही रक्त घाण होतच असतं. बुरोंडीहून दर वेळी तेवढं लांब जमेना म्हणून आम्ही वर माझ्या भावाच्या घरी राहायला आलो. भाऊ मस्कतला, घरात भावजय एकटी. मी गाडी शिकले. शिकवणारे हेच, बाजूच्या सीटवर शाल गुंडाळून बसायचे आणि ओरडायचे, शमीम, क्लच आहे तो, वरवंटा नाही. मी म्हणायचे, मग उतरा आणि चालवा. तेवढंच हसणं होतं आमच्यात त्या दिवसांत.

दिवाळी सरली, थंडी पडली, आणि गाडीनं नाटकं सुरू केली. काय सांगू तुम्हाला, स्टार्टर अगदी जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही, मागून पांढरा धूर, अंगणभर कच्च्या डिझेलचा वास, मग कधीतरी एकदाचं चालू झालं की आजारी बकरीसारखं थरथरायचं आणि जरा वेळानं आपसूक ताळ्यावर यायचं. दुपारी मात्र चावी फिरवली की चालू. बाळा मिस्त्री म्हणाला बॅटरी, बदलली. म्हणाला डिझेलचा फिल्टर, तोही बदलला. मग त्यानं विचारलं, भाभी, समोर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो का. लागतो. मग विझतो का. विझतो. मग हीटर चालू आहे, तो तापला की दिवा विझतो, त्याकडे बघायला नको. हे ओट्यावर बसून ऐकत होते, तेही म्हणाले, हीटरचा काही संबंध नाही.

आणि एके सकाळी ती चालूच झाली नाही. मारून मारून बॅटरी उतरली. भावाचं अंगण परातीसारखं सपाट, उतार नावाला नाही. मी आणि भावजय ढकलतोय, गाडी हलते न हलते, आणि बघते तर हे माझ्या बाजूला, सुजलेले पाय घेऊन, मागच्या दाराला हात लावून जोर देतायत. मी ओरडले त्यांच्यावर. रिक्षा मिळेपर्यंत पाळी गेली होती, दुसऱ्या दिवशी या म्हणाले. संध्याकाळपर्यंत छातीत पाणी भरलं, आडवं होता येईना, उशी पोटाशी धरून बसून राहिले. सकाळी ऑक्सिजन लावून नेले. वाचले, पण त्यानंतर जे घरी आणलं ते अर्धंच माणूस होतं.

मी रडत बसणारी बाई नाही. घरी आले, उतरलेली बॅटरी चार्ज करून घेतली आणि बॉनेट उघडलं. चूल पेटत नाही तेव्हा आपण काय बघतो, तसंच बघायचं ठरवलं. स्टार्टर जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे डिझेल पोचतंय. दुपारी उन्हानं तापली की चालू होते. मग कमी काय आहे, तर ऊब. दिवा काही का सांगेना. जुन्या इंडिकेटरच्या बल्बला दोन वायरी जोडल्या, एक टोक इंजिनाच्या लोखंडाला, दुसरं प्लगवर, आणि भावजयीला चावी फिरवायला सांगितली. समोर पिवळा दिवा लागला, माझा बल्ब लागला नाही. मग प्लगकडून निघालेली जाड तार हातानं चाचपत मागे गेले, आणि बॅटरीच्या मागे ती संपली. तुटलेली नव्हती. पक्कडीनं कापून टोकाला नीट काळी पट्टी गुंडाळलेली होती. दिव्याची तार वेगळी, ती शाबूत, म्हणून दिवा आपला लागायचा आणि विझायचा.

मी ते टोक हातात धरून ह्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, मीच कापली, बुरोंडीत सगळ्यांनीच कापल्यात, तिथे कुठे थंडी होती.

बोलून ते पाणी छातीतून मागे गेलं असतं का. मी बसून तार जोडायला लागले. थोड्या वेळानं ओट्यावरून आवाज आला, शमीम, पट्टी ओढून गुंडाळ, सैल सोडू नको. मी ओढून गुंडाळली. दोन प्लगही जळलेले निघाले, ते बाळानं बदलले, इंजिन आधी तापवून, कारण थंड इंजिनात जोर केला तर प्लग आतच मोडतो. दुसऱ्या दिवशी गाडी एका चावीत चालू. हे खेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

आंब्याच्या दिवसांत गेले. सकाळी दम लागला, मी चावी फिरवली, गाडी तिथल्या तिथे चालू झाली, त्या उकाड्यात तार असती काय आणि नसती काय. घाट उतरायच्या आधीच मान कलंडली होती. तरी मी खेडपर्यंत नेले.

जीप मी विकली नाही. आता त्याच पाळीला आजूबाजूच्या गावांतले पेशंट नेते, तोच माझा धंदा. थंडीत सगळे घाई करतात, चला भाभी, नंबर जाईल. मी म्हणते, दिवा विझू दे. पिवळा दिवा विझेपर्यंत मागे कुणी बोलत नाही, मीही नाही. मग चावी पुढे फिरवते. तुम्हीही सांभाळून जा आता, आणि सकाळी गाडीची अशी घाई अल्ला तुमच्या घरात कुणावर न आणो.