बाबा घरी आले

धाकट्याचा हिशेब सरळ होता: रोज एक पोस्ट टाकायची, लोक ओळखू लागले की सल्लागार म्हणून कामं आपोआप येतील. हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी तो आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

“बाबा आत सलाइनवर, आणि तू ‘बाबा ठणठणीत होऊन घरी आले’ असं टाकलंस?”

“ताई, आठवड्याच्या सगळ्या पोस्ट मी रविवारीच वेळ लावून ठेवतो, मग त्या आपोआप जातात. डॉक्टर म्हणाले होते, आज सोडतील.”

“त्यांनी मुक्काम वाढवला. ते तुझ्या पोस्टला कोण सांगणार?”

“पण नऊशे लोकांना आवडलीय गं. तुझ्या साहेबांनीही शुभेच्छा दिल्यात.”

“मला फोनच केला त्यांनी. वडील घरी आले ना, मग उद्यापासून कामावर या म्हणाले.”

“खरं सांगायचंस.”

“सांगितलं. म्हणाले, तुमचा भाऊ कशाला खोटं लिहील?”

“काढून टाकू?”

“काढ की.”

“संध्याकाळी काढतो. आत्ता जरा चांगली चाललीय.”

“राहू दे. रात्री मी बसते बाबांजवळ, सकाळी इथूनच ऑफिसला जाईन.”

“दमशील गं.”

“मग त्यावर लिही उद्या.”

“उद्याची लावून झालीय, ताई. परवा चालेल?”