म्हैस, समुद्र आणि एक लुगडं

गंगाखेड स्टँडवर राणीसावरगावची गाडी लागेपर्यंत माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"बसवंतराव, पोरगा राजेश्वर फ्रान्सात समुद्रावर चार दिवस राहायला बोलवायलाय, आन् तुमी म्हशीचं काय घेऊन बसलाव?"

"ती दुसऱ्याला दूध देत न्हाई, सटवाजी."

"वहिनी वारल्या तवा ती तुमालाबी लाथाच मारायली व्हती की."

"म्हणून तर राजेश्वरच्या आईचं लुगडं नेसून धार काढतो. तिचा वास आला की पान्हा सोडती."

"मग द्या लुगडं माझ्याकडं. चार दिवस मी नेसतो."

"लोक हसतील."

"हसू द्या. तिकडच्या वाळूत म्हणं माणसं नुसत्या चड्डीवर लोळत्यात. त्यांच्यापरीस मी लय झाकलेला दिसंन."

"तसं न्हाई हो. ती दरसाल म्हणायची, एकदा समुद्र दाखवा. दरसाल मी म्हणायचो, म्हशीला कोण बघंल?"

"आता मी हाय की बघायला."

"पण लुगडं एकच राहिलंय. बाकीची वाटून टाकली."

"मग?"

"ते मी संगं न्यायलोय."





"न्या. म्हशीला मी समजावून सांगतो."