तीस झोपाळू कॉप्या आणि आईची चप्पल

आपोआप होतं म्हणे! नाय, मला एक सांगा, जगात आपोआप काय होतं हो? गवत उगवतं, तेवढंच! पण आमचा मॅनेजर स्वप्नील, पुण्यात एसीत बसून, मला गावी पोशीरला फोनवर म्हणतो, "विकास, टेन्शन नको घेऊस, क्लस्टर सगळं आपोआप करतो!"

तुमाला सांगतो, आमचं ॲप भातखरेदीच्या टोकनचं. सकाळी दहाला उघडतं, पहिल्या दोनशे जणांचं भात सरकारी केंद्र उद्याच्या उद्या घेतं, बाकीच्यांनी बसायचं आठवडाभर. आमची स्वतःची पोती उघड्या अंगणात, वर आभाळ हे असं भरलेलं! म्हणून आज सकाळीच आईला छातीठोक सांगितलं, लायनीत जाऊ नको, ॲप मीच चालवतो, टोकन घरबसल्या काढतो. ती अनवाणी अंगण झाडत राहिली. म्हटलं, चप्पल कुठंय गं? म्हणे, "आसंल कुठंतरी."

तर हे ॲप असतं डब्यात भरलेलं, कंटेनर म्हणतात त्याला. गर्दी वाढली की क्लस्टर, म्हणजे हे डबे सांभाळणारा कॉम्प्युटरांचा ताफा, काढतो त्याच डब्याच्या आणखी कॉप्या... पाचाच्या पंधरा, पंधराच्या तीस. ठीक हाय! पण या शहाण्या स्वप्नीलनं अपडेट कधी टाकावा? दहाला पाच कमी असताना! आणि कशासाठी? बटणाचा रंग हिरवा करायला! म्हटलं, साहेब, गर्दी तरी ओसरू द्या. "अरे, एक जुनी कॉपी काढायची, एक नवी टाकायची, कुणाला कळणारपण नाही!" म्हटलं, मग नवी खरंच कामाला लागली का, ती तपासणी तरी लावा. "नको, वेळ जातो. आपोआप होतं!"

झालं! क्लस्टर नवीला विचारतो, उठलीस का? ती पांघरुणातनंच, "उठले, उठले!" की जुनीला रजा! दुसरीला, उठलीस का? "उठले!" की जुनीला रजा! दहाच्या ठोक्याला पाची जुन्या घरी, पाची नव्या घोरतायत, आणि दारात दोन तालुके! बरं, गर्दी बघून क्लस्टरनं कॉप्या वाढवल्या... त्या कुठल्या? नव्याच! पंधरा झोपाळू, मग तीस झोपाळू! अहो, लावणीला आमची आई नवी बाई चिखलात उतरून हात चालवायला लागल्याशिवाय जुनीला बांधावर येऊ देत नाय! ती कुठं शिकली हो क्लस्टर?

जुनं परत लावायला मला अर्धा तास. तोवर खरेदी केंद्राचा मेसेज, ॲप बंद, टोकन लायनीनं. परत मेसेज, टोकन संपली! आता आईला कुठल्या तोंडानं सांगू? बाहेर आलो तर आई फाटकातनं येतेय, पायात चप्पल, हातात टोकन. नंबर सात!

"आई, लायन तर आत्ता लागली ना गं?"

"कालच्या सांजंपासनं हाय. नंबराला चपला ठेवल्यात सगळ्यांनी. शेजारच्या गौराबाईच्या मागं माजी."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाय तुझा?"

"हाय की रं. पण मागच्या खेपेला बी तू आपोआपच म्हनला व्हतास."

आणि आता स्वप्नील फोनवर विचारतोय, हिरवं बटण कसं दिसतंय? काय सांगू त्याला? झिजलेली चप्पल ती, कॉपी नाय, अपडेट नाय, रातभर लायनीत उभी होती... आपोआप!